मिठाचा पांढरा

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
नगरपालिकेच्या वाचनालयाची मागची खोली,
सहा खुर्च्या, एक डुगडुगतं टेबल,
आणि फळ्यावर माझ्या अक्षरात
रेषा, आकार, घनता, पोत, छायाभेद, रंग, अवकाश.
आठवड्याला एक, असे सात आठवडे,
असं मी अर्जात लिहिलं होतं.

झुल्मिरा मिठाईच्या दुकानातून थेट येते,
बोटांना अंड्याच्या बलकाचा वास.
दुआर्त सोळा वर्षांचा. कॅमेरा बापाचा,
बाप लक्झेंबर्गला, भिंती रंगवतो.
आणि आबिलिओ,
ज्यानं एकोणचाळीस उन्हाळे
आवेरूच्या मिठागरात काढले,
जो खुर्चीत बसतानासुद्धा आधी
पायानं जमीन चाचपतो.

रेषा म्हटल्यावर दुआर्तनं रूळ आणले,
झुल्मिरानं होडीचा दोर.
आबिलिओनं आणला दोन खणांमधला बांध,
वीतभर रुंद, वाकडा.
मी म्हटलं, छान, नजर आत खेचते ही रेषा.
तो म्हणाला, बाई, हिच्यावरून
डोक्यावर टोपली घेऊन चालायचं असतं.
नजर आत गेली की माणूसही आत जातो,
चिखलात.

आकाराच्या आठवड्यात मी खणांना चौकोन म्हटलं.
तोही त्याला पटला नाही.
एक बाजू आखूड आहे, नीट बघा.
आजोबांनी दोरी धरली होती
त्या दिवशी वारा होता.

पोताला तो आलाच नाही.
डोळ्याच्या कोपऱ्यात मांस वाढलंय,
डॉक्टर म्हणतात, मिठावरून उसळलेल्या उन्हानं.

मग छायाभेद.
त्यानं टेबलावर फोटो आपटला, टेबल डुगडुगलं.
मिठाची रास, दुपारची,
आणि रंग राखेचा.
शेजारी कुणीतरी उभं, नुसता काळा ठिपका.
म्हणे, हे मीठ आहे?
हे मीठ मी कुणाला विकलं असतं?

मी समजावत राहिले.
कॅमेऱ्यातला मीटर बिचारा
जग पाहतो ते सरासरी करड्याच्या हिशोबानं.
पांढरं दिसलं की त्याला वाटतं, उजेड जास्त झाला,
आणि तो झडप ओढून घेतो.
आबिलिओ ऐकत होता, भुवया एकत्र.
मग म्हणाला, म्हणजे त्यानं मीठ खाल्लेलं नाही.
मग जागेल कशाला?

सगळे हसले. मीही.
मग त्याचा जाड अंगठा धरून
मी चक्री फिरवली. एक खटका, आणखी एक,
अशी अधिक दोनवर.
सांगायचं त्याला, म्हटलं, की मी पाहिलंय,
मला माहीत आहे हे किती पांढरं आहे.

पुढच्या मंगळवारी रंग होता.
मी लाल कागद, निळी बाटली, लिंबू घेऊन बसले होते.
तो आला तो ओल्या बुटांनी,
काही न बोलता फोटो लिंबाशेजारी ठेवला.
रास पांढरी. दाणा न् दाणा वेगळा.
पण त्याचं बोट राशीवर नव्हतंच.
ते होतं त्या काळ्या ठिपक्यावर,
ज्याला आता कपाळ होतं, कानात बाळी होती,
ओठाच्या डाव्या कडेला मिठाची रेघ.
आदेरितु, केप व्हर्देचा,
गेल्या मोसमापासून आबिलिओचं फावडं त्याच्या हातात.

अरे, हा हसत होता, आबिलिओ म्हणाला.
मी उन्हात उभा राहून चक्री शोधत होतो
आणि हा हसत होता मला.

दुआर्तनं फोटो दिव्याखाली नेला.
झुल्मिरानं हात पुसले, मग धरला.
लिंबू त्या दिवशी कुणी काढलं नाही.

सातव्या आठवड्यात खोली बुद्धिबळवाल्यांना दिली होती.
आम्ही दाराबाहेर उभे, कालव्यावरून गार वारा,
आत घड्याळावर हात आपटल्याचे आवाज.
आबिलिओनं विचारलं, मग शेवटचं ते राहिलं का,
अवकाश?
मी म्हटलं, त्याला अजून अवकाश आहे.
तो मान हलवून बांधावरच्यासारखा,
पाय चाचपत,
पुलावरून गेला.